घर बघायला जुलैत जा

डोंबिवली सोडून वेंगुर्ल्याला का गेलीस, असं आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे माड, झोपाळा आणि चुलीवरची भाकरी असते हे मला कळतं, कारण माझ्याही होती. खरं उत्तर एका भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेपासून, मामाच्या सातबाऱ्यापासून आणि आईच्या गुडघ्यांपासून सुरू होतं. ते फोनवर सांगायला जमत नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

मी मुद्रितशोधन करते. क्रमिक पुस्तकं, दिवाळी अंक, मार्च सरला की पतसंस्थांचे अहवाल. शिवाय सकाळी योगाचा वर्ग. महिन्याला कधी तीस हजार येतात, कधी बावीस. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. तिला बीपी, थायरॉइड आणि दोन्ही गुडघे. डोंबिवलीच्या वन बीएचकेला चौदा हजार भाडं जायचं आणि खिडकीतून समोरच्यांचा टीव्ही दिसायचा. मला हवं होतं ते असं: वर्ग उघड्यावर घेता यावा, भाजी कुणाच्या परसातली आहे ते ठाऊक असावं, गाडी न घेता भागावं, वैद्य आणि डॉक्टर दोघंही जवळ असावेत, आणि हे सगळं बावीस हजारांत बसावं. शेवटची अट ऐकून लोक हसायचे.

सुरुवात अर्थातच चुकीच्या टोकापासून केली. गोव्यात मांद्र्याला आठ दिवस राहून आले. योगाच्या नावाने जे काही म्हणून असू शकतं ते तिथे आहे. समुद्रावर सूर्यनमस्कार आहेत, घंटानाद आहे, मातीचे लेप आहेत. एका ठिकाणी लाकडी वाडग्यात नाचणीची आंबील आली, वर चार काजू आणि एक जास्वंद. बिल दोनशे ऐंशी रुपये. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ‘जास्वंद खायची होती का?’ तिथल्या खोल्यांची भाडी ऐकल्यावर डोंबिवली धर्मशाळा वाटायला लागली. अलिबागचं तर नावही काढलं नाही. मुंबईच्या बंगलेवाल्यांनी तिथे माझ्यासारखीला जागा ठेवलेली नाही.

परत आल्यावर आईच्या वैद्यांकडे गेले. ते म्हणाले, कोकणात जाताय ते ठीक, पण आयुर्वेदात देश, म्हणजे प्रदेश, तीन प्रकारचे. जांगल म्हणजे कोरडा, आनूप म्हणजे पाणथळ, दमट, आणि तिसरा साधारण. कोकण आनूप. त्यात वर्षा ऋतू वाताचा. ‘आईंचे सांधे तिथे बोलणार. घर बघायचं तर जुलैत जा, डिसेंबरात सगळीच घरं चांगली असतात.’ या सबंध प्रकरणात मला मिळालेला सर्वांत कामाचा सल्ला हाच. फी दोनशे रुपये.

म्हणून २०२३च्या जुलैत मी आणि आई निघालो. कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या वेळापत्रकावर, हळू चालते. आईने डबा दोन वेळचा घेतला होता आणि तो दोन्ही वेळचा लागला.

चिपळूण मला मनापासून आवडलं होतं. स्टेशन गावाला लागून, बाजारपेठ मोठी, दवाखाने भरपूर, आणि भाडं खिशाला झेपणारं. बाजाराजवळ एक तळमजल्याची जागा बघितली. नुकताच रंग दिलेला, फरशी चकचकीत. मी ओटा बघत होते, आई भिंत. तिने छत्रीच्या टोकाने वर दाखवलं. ताज्या रंगाखालून एक फिकट तपकिरी रेघ सरळ चारही भिंतींवर फिरली होती. विजेचा बोर्ड त्या रेघेच्या वर, हात पुरेल न पुरेल इतक्या उंचीवर नव्याने बसवलेला. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं होतं, ते इथवर. मालक म्हणाले, ‘आता नाही येत.’ आईने विचारलं, ‘मग बोर्ड वर का घेतलात?’ चहा न घेताच आम्ही निघालो. चिपळूणबद्दल माझं मत वाईट नाही, वरच्या अंगाला चांगल्या वस्त्या आहेत. पण तिथली भाडी वरच्या अंगालाच होती.

दापोली उंचावर आहे, हवा गार. १९७२पासून कृषी विद्यापीठ तिथे आहे, त्यामुळे चांगली कलमं, रोपं मिळतात, आणि झाडाला काय झालंय हे विचारायला शहाणी माणसं आहेत. निसर्ग वादळाने ३ जून २०२०ला त्या पट्ट्यातल्या नारळी-पोफळी आडव्या केल्या होत्या. तीन वर्षांनीही वाड्यांमध्ये मधेच आभाळ दिसत होतं, तोंडातला दात पडल्यासारखं. आम्ही बघितलेलं घर सुंदर होतं. करारही अकरा महिन्यांचा. फक्त नाताळ ते नवीन वर्ष आणि अख्खा मे महिना आम्ही घर रिकामं करायचं, कारण तेव्हा पर्यटक येतात. आईला घेऊन मी मे महिन्यात कुठे जायचं, हे मालकीणबाईंना खरंच सुचत नव्हतं. ‘माहेरी जा ना,’ म्हणाल्या.

माहेरावरून आठवलं. आईचं माहेर राजापूर तालुक्यातलं. भाडं देण्यापेक्षा दोन गुंठे घेऊन टाका, असं वाटेत भेटलेला प्रत्येक जण सांगत होता. पण १९४८च्या कूळकायद्यामुळे शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात शेतजमीन विकत घेता येत नाही. एक एजंट म्हणाला, शेतकरी दाखल्याचं बघू आपण, आणि डोळा मारला. त्या डोळ्यावर मी आयुष्याची पुंजी लावणार नव्हते. मग वाटलं, आईचं नाव माहेरच्या सातबाऱ्यावर असेल की! असेल तर ती शेतकरी, प्रश्न मिटला. तलाठी कार्यालयातून उतारा काढला. सामाईकात एकतीस नावं. काका, चुलतकाका, वारलेली माणसं, मुंबईचे, एक कॅनडातला. आईचं नाव नाही.

आई शांतपणे म्हणाली, ‘नसणारच. १९८८ला हक्कसोड दिलंय मी.’ मामाने एका दुपारी राजापूरला नेलं, सही घेतली, येताना साडी घेतली. आंब्याची पेटी दरवर्षी येईल म्हणाला. पेटी चार वर्षं आली. मला त्या कार्यालयाच्या बाकावर जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. आईला मात्र त्या साडीचा रंग आठवत होता.

तर भाड्याचं घर, हे नक्की झालं. बिनशेती प्लॉटचे भाव विचारून बघितले आणि विसरून गेले. गोव्यातला मोपाचा विमानतळ त्याच वर्षी जानेवारीत सुरू झाला होता, सावंतवाडीकडच्या प्रत्येक जमीनमालकाच्या तोंडी तेच.

कणकवलीला गाडी बदलायची होती, मधे तीन तास होते. म्हणून वागद्याला गोपुरी आश्रमात जाऊन आलो. अप्पासाहेब पटवर्धनांनी, ज्यांना कोकणचे गांधी म्हणत, १९४८ला तो काढला. शिरोड्याचा १९३०चा मिठाचा सत्याग्रह त्यांचाच. मला त्यांच्यात रस वाटतो तो वेगळ्याच गोष्टीसाठी. साधं जगायचं म्हणजे आधी स्वतःची घाण स्वतः निस्तरायची, असं त्यांचं म्हणणं होतं. संडास, सोनखत, गोबरगॅस यांवर त्यांनी आयुष्य घातलं. हल्ली नैसर्गिक जगण्यावर बोलणाऱ्या मंडळींच्या तोंडी मी सेप्टिक टाकी हा शब्द एकदाही ऐकलेला नाही. कोकणात जांभा दगड, भेगाळ, सच्छिद्र. पाणी वरून खाली सहज जातं आणि नको ते पाणीही जातं. त्या दिवसापासून मी प्रत्येक घरमालकाला पहिला प्रश्न विचारायला लागले: टाकी कुठे, विहीर कुठे? पन्नास फूट तरी अंतर हवं. दोघांनी तर मला वेड्यात काढलं.

वेंगुर्ल्यातल्या काकींनी काढलं नाही. त्या पावसात इरलं घेऊन बाहेर आल्या आणि पावलं मोजून दाखवली. घर चिऱ्याचं, वर मंगळुरी कौलं. अर्ध्या भागात त्या, अर्धा भाग भाड्याने. साडेसहा हजार भाडं, वीस हजार अनामत. म्हणाल्या, ‘पावसात इलंस ता बरां केलंस. थंडीत येतत ते सगळे फसतत.’ मग कौलं कुठे गळतात तेही दाखवलं, खाली पातेली लावलेली होती. गळकी जागा आपणहून दाखवणारी घरमालकीण मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. मी मासे खात नाही म्हटल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. ‘मासे खायत नाय? मगे हयसर इलंस कित्याक?’ आई खाते, हे कळल्यावर व्यवहार झाला.

गाव मला पटलं ते कचऱ्यामुळे, हे सांगितलं की लोकांना गंमत वाटते. इथल्या नगरपरिषदेने गेल्या दशकात कचरा वेगळा करायचं काम इतकं नेटाने केलं की कचरा डेपो बघायला बाहेरगावची माणसं येऊ लागली. पहिल्याच आठवड्यात मी डोंबिवलीच्या सवयीने सगळं एका पिशवीत कोंबून घंटागाडीपाशी गेले. त्या बाईंनी पिशवी उघडली, आत बघितलं, परत गाठ मारली आणि माझ्या हातात दिली. एक शब्द बोलल्या नाहीत. गाडी पुढे गेली. मी पायरीवर बसून दुधाच्या पिशव्या आणि केळ्याची सालं वेगळी केली. इतका चांगला गुरू मला मांद्र्यात भेटला नव्हता.

आता खर्च. भाडं साडेसहा. किराणा, दूध, भाजी मिळून सात-साडेसात. उकडा तांदूळ, नाचणी आणि कुळीथ काकींच्या भावाकडून वर्षाचं एकदम घेते. जूनमध्ये टाकळा, कुर्डू, फोडशी या रानभाज्या बाजारात बायका वाट्यांनी विकायला बसतात, आणि काकी तर कुंपणातनंच खुडून देतात. आमसुलं मे महिन्यात रातांबे आणून आई स्वतः करते. वीज, गॅस, इंटरनेट अडीच हजार. आईची औषधं दोन. उरतात ते रिक्षा आणि पुस्तकांना. चुलीवर स्वयंपाक करायची माझी फार हौस होती. आई म्हणाली, ‘धूर माझ्या आईच्या छातीत गेला, तुझी हौस गॅसवर कर.’ विषय संपला.

गैरसोयी सांगितल्या नाहीत तर खोटं होईल. गावाला रेल्वे नाही, कुडाळचं स्टेशन वीस-पंचवीस किलोमीटर. पावसाळ्यात लाईट जाते ती जाते. एका दिवाळी अंकाची शेवटची प्रुफं मी मेणबत्तीत वाचली आणि एका कवीची ‘वेल’ तशीच ‘वेळ’ राहिली. त्यांनी अजून फोन उचललेला नाही. इतका पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये विहिरीचा तळ दिसतो. आणि ओल! मिठाच्या बरणीत पाणी, काड्यापेटी तांदळाच्या डब्यात. पहिल्या ऑगस्टमध्ये माझी योगाची चटई उलगडली तर तिच्यावर हिरवी नक्षी. व्हिनेगर लावून पुसली, पुन्हा आली. आता वर्ग सुती सतरंजीवर घेते, ती चुलीशेजारच्या दांडीवर वाळते. (काकींची चूल. त्यांच्या छातीचं आई त्यांना रोज ऐकवते.) वर्गाला सहाजणी येतात, गणपतीच्या आधी महिनाभर एकही येत नाही.

औषधोपचारांचं एवढंच सांगते. वैद्य सावंतवाडीला मिळाले, तिथे आयुर्वेद महाविद्यालय आहे. पावसात आईला बस्तीने, म्हणजे औषधी एनिमाने, आराम पडतो, मी डोळ्यांनी बघितलंय. पण बीपीची गोळी एक दिवसही बंद केलेली नाही आणि करणार नाही. जडीबुटीच्या नादात गोळ्या सोडलेली दोन माणसं माझ्या ओळखीत होती, एकच आहे. इथल्या माणसाला मोठा आजार झाला की तो गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो. रात्री अडीच वाजता कुणाची गाडी मिळेल, तिचा नंबर काय, हे मी घर घ्यायच्या आधी विचारून घेतलं होतं. नंबर फ्रीजवर लावलाय. शेजारी फुरसं, म्हणजे विषारी साप, चावलं तर कुठे न्यायचं, तेही. गेल्या वर्षी पहिला नंबर एकदा लागला. आई आठ दिवसांनी परत आली आणि आल्या आल्या काकींशी भांडली, कारण त्यांनी आमच्या तुळशीला पाणी जास्त घातलं होतं.

ज्यांना बघायला यायचंय त्यांनी या. जुलैचा दुसरा आठवडा धरा, दहा दिवस तरी राहा, चामड्याच्या चपला आणू नका. आणि येताना आईसाठी शेकायची रबरी पिशवी आणा, जुनी गळायला लागलीय. इथल्या दुकानात आहेत, पण त्यांच्यावर कार्टूनचा कुत्रा आहे आणि तिला साधी लाल हवीय.