आईला घेऊन जॉर्डन आणि इजिप्त: तयारीचा माझा अनुभव

आईला जॉर्डनमधलं पेट्रा, म्हणजे डोंगराच्या दगडात कोरलेलं प्राचीन शहर, बघायचं होतं आणि मला इजिप्तचे पिरॅमिड. अरबी देशांत जायची दोघींचीही पहिलीच वेळ, त्यामुळे टूर कंपनीबरोबरच जा असं घरात प्रत्येकाने सांगितलं. पण ग्रुप म्हटला की पहाटे बॅगा दाराबाहेर, दुपारी पेट्रा, संध्याकाळी पुढचं गाव. आईच्या गुडघ्यांना हे झेपणारं नव्हतं. म्हणून सगळं स्वतःच ठरवलं, आणि पहिल्यांदा जाणाऱ्यालाही ते नीट जमतं हे आता खात्रीने सांगू शकते.

सुरुवात तारखांपासून करावी. मी शाळेत शिकवते, म्हणजे मे नाहीतर दिवाळी. मेमधल्या उन्हात आईला वाळवंटात न्यायचा प्रश्नच नव्हता. फेब्रुवारी-मार्चमध्ये रजा टाकता आली असती, पण तेव्हा रमजान येत होता. त्यांच्या पंचांगात आपल्यासारखा अधिक मास नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकतो. त्या महिन्यात स्थळांच्या वेळा कमी होतात, दिवसा बरीच हॉटेलं बंद असतात आणि जॉर्डनमध्ये दिवसा चारचौघांत खाणं कायद्याला धरून नाही. आईला मधुमेह, तिला वेळेवर खावंच लागतं. दिवाळीची सुट्टी नक्की झाली. मग शुक्रवार बघितले. दोन्ही देशांत साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, आणि शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत बाजार जवळजवळ झोपलेला. म्हणून शुक्रवार पेट्राला दिला, कारण ते रोज उघडं असतं.

इजिप्तचा व्हिसा आम्ही मुंबईच्या वकिलातीतून काढला: बँकेचे स्टेटमेंट, तिकिटं, हॉटेलची बुकिंग. पासपोर्ट तिकडे असेपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून हे काम पहिलं. जॉर्डनचा व्हिसा विमानतळावर मिळतो. ज्यांच्या पासपोर्टवर ईसीआर आहे (दहावी न झालेल्यांना काही देशांत नोकरीसाठी जाताना सरकारी परवानगी लागते, त्याची ही नोंद) त्यांनी मात्र नियम वाचून जावं, कारण अशा १८ देशांच्या यादीत जॉर्डन आहे. आई सातवी शिकलेली, त्यामुळे मला धाकधूक होती, पण पन्नाशीनंतर ती अट राहत नाही.

जॉर्डनसाठी सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे जॉर्डन पास, म्हणजे व्हिसाची फी आणि स्थळांची तिकिटं मिळून एकच पास, आणि इथे थोडा हिशेब करावाच. व्हिसाची फी ४० दिनार, पेट्राचं एक दिवसाचं तिकीट ५० दिनार, मिळून ९०. पास ७० दिनारला, त्यात दोन्ही आलं, शिवाय जेराशचं जुनं रोमन शहर आणि राजधानी अम्मानचा किल्लाही. दिनार डॉलरपेक्षा महाग आहे, तेव्हा हे २० दिनार काही थोडेथोडके नाहीत. पास देशात उतरण्याआधी ऑनलाइन घ्यायचा आणि किमान तीन रात्री राहायचं, नाहीतर व्हिसाची फी वेगळी भरावी लागते. आम्ही ७५ दिनारचा घेतला, त्यात पेट्राचे लागोपाठ दोन दिवस मिळतात. ते पाच दिनार मी पुन्हा आनंदाने देईन. पेट्राच्या आत जायची ती अरुंद घळ, सिक, सव्वा किलोमीटरच्या आसपास आहे. पहिल्या दिवशी आई विजेच्या गाडीतून खजिन्याच्या वास्तूपर्यंत गेली आणि तिथेच बाकावर तासभर बसून त्या गुलाबी दगडाकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी ती हॉटेलवर थांबली आणि मी एकटीने वरच्या मठाच्या आठशेहून जास्त पायऱ्या चढले.

बॅग भरताना खरा वाद झाला तो खसखशीवरून. आमचं विमान शारजामार्गे होतं, आणि अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरतात. दिवाळीनंतर निघायचं म्हटल्यावर आईने अनारसे डब्यात भरून ठेवलेच होते, करंजीच्या सारणातही खसखस, कोल्हापुरी कांदा-लसूण मसाल्यातसुद्धा. "अगं, दोन अनारशांनी काय होतंय?" असं ती म्हणत राहिली. मी ऐकलं नाही. शेवटी शंकरपाळ्या, चकल्या आणि तीळ-शेंगदाण्याची चटणी एवढंच गेलं. औषधांचंही तसंच. गुडघ्याच्या गोळीत ट्रामाडॉल हे अफूच्या वर्गातलं वेदनाशामक होतं, आणि ते इजिप्त आणि अमिरात दोन्हीकडे कडक नियंत्रणात आहे. डॉक्टरांना भेटून गोळी बदलून घेतली, बाकीची औषधं मूळ पाकिटात आणि इंग्रजी चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत. कोडीन (हेही अफूच्या वर्गातलं) असलेलं खोकल्याचं औषधही घरीच ठेवलं. वयस्कर माणसाबरोबर जाणार असाल तर हे काम शेवटच्या आठवड्यावर टाकू नका.

निघण्याआधी आईला अरबी आकडे शिकवले, आणि त्याचा कैरोत रोज उपयोग झाला. पाच हुबेहूब आपल्या शून्यासारखा, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. फळवाल्याच्या पाटीवरचा भाव तिला आता माझ्याआधी वाचता येतो. पिरॅमिडच्या तिकिटाला मात्र कार्ड लागतं, तेव्हा परदेशात चालणारं कार्ड आधीच सुरू करून घ्यावं.

जेवणाची धास्ती मला सगळ्यात जास्त होती, कारण आई शुद्ध शाकाहारी. जॉर्डनमध्ये हुमुस (काबुली चण्याची चटणी), फलाफल (चण्याचे वडे) आणि मुतब्बल (भाजलेल्या वांग्याचं भरीत) यांवर सहज भागलं. सूप मात्र विचारूनच घ्यावं, चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. इजिप्तमध्ये एक फार चांगली सोय आहे. तिथले कॉप्टिक, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या पंथाचे, ख्रिस्ती वर्षातले दोनशेहून अधिक दिवस उपवास धरतात, आणि त्या दिवसांत मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. काही उपवासांना मासे चालतात, म्हणून मासेही नकोत तेवढं सांगून टाकायचं. त्यामुळे "सियामी", म्हणजे उपवासाचं, जेवण हवं असं म्हटलं की वाढणाऱ्याला लगेच समजतं. आईला कोशरी फार आवडली: भात, मसूर, मॅकरोनी, वर टोमॅटोची आंबट चटणी आणि कुरकुरीत तळलेला कांदा. परत आल्यावर तिने ती घरी करून पाहिली, मॅकरोनी वगळून.