उत्तरतालिकेवर हरकत घेताना : माझा अनुभव

लालबहादूर शास्त्री यांचा रेल्वेमंत्रिपदाचा राजीनामा कोणत्या अपघातानंतर स्वीकारण्यात आला, असा प्रश्न आमच्या परीक्षेत सामान्य ज्ञानाच्या विभागात आला होता आणि परीक्षेनंतर हरकतींसाठी जाहीर झालेल्या प्रथम उत्तरतालिकेत त्याचे उत्तर ‘महबूबनगर’ असे दिले होते. ते चूक आहे. 1956 मध्ये तेव्हाच्या हैदराबाद राज्यात महबूबनगरजवळ पूल कोसळून शंभराहून अधिक प्रवासी दगावले, त्या वेळी शास्त्रीजींनी राजीनामा दिला होता हे खरे; परंतु पंडित नेहरूंनी तो स्वीकारला नाही. पुढे 23 नोव्हेंबर 1956 रोजी मद्रास राज्यात अरियालूरजवळ पुराने पूल खचला, तुतिकोरीन एक्सप्रेस नदीत कोसळली, दीडशेच्या आसपास माणसे गेली आणि या वेळचा राजीनामा मात्र मंजूर झाला. बाजारातील गाइडांमध्ये या दोन घटनांची सरमिसळ सर्रास आढळते.

म्हणून मी ऑनलाइन हरकत नोंदवायला घेतली. लॉगिन, प्रश्नक्रमांक, शुल्क हे सारे विनासायास पार पडले. अडले ते संदर्भाच्या पानावर. माझ्याकडे सर्वांत भक्कम पुरावा होता, तो म्हणजे संसदेच्या डिजिटल ग्रंथालयातून उतरवून घेतलेले लोकसभेच्या कामकाजाचे पान. शास्त्रीजी अपघाताला जबाबदार आहेत म्हणून नव्हे, तर संसदीय औचित्याचा पायंडा पडावा म्हणून राजीनामा स्वीकारत असल्याचे नेहरूंनी सभागृहात सांगितले होते. अर्जात मात्र पुस्तकाचे नाव, प्रकाशक, आवृत्ती यांबरोबर आयएसबीएन, म्हणजे छापील पुस्तकाला मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, अनिवार्य होता आणि ‘इतर’ असा पर्यायच नव्हता. 1956 साली आयएसबीएन ही पद्धतच अस्तित्वात नव्हती, तेव्हा त्या वर्षीच्या लोकसभेने तो कोठून आणावा? रकाना रिकामा ठेवला की लाल अक्षरे उमटत आणि शून्ये भरली की ‘अवैध क्रमांक’ असा संदेश येई. मदतवाहिनीवरील गृहस्थांनी “पुस्तकच जोडा, मॅडम” एवढेच शांतपणे सांगितले आणि फोन ठेवला. संसदेत पंतप्रधानांनी केलेले निवेदन ग्राह्य नाही आणि कोणत्याही प्रकाशनाचे छापील पुस्तक ग्राह्य, हा न्याय मला आजही उमगलेला नाही. अखेर जिल्हा ग्रंथालयातून शास्त्रीजींचे एक चरित्र मिळवले, त्याचा क्रमांक रकान्यात भरला आणि चरित्रातील पानाच्या पीडीएफमध्येच त्या पानाच्या मागे लोकसभेचे पान जोडले. अर्ज तत्काळ स्वीकारला गेला.

ग्रंथालयात जाल तेव्हा मुखपृष्ठ आणि आयएसबीएन क्रमांक असलेले आतले पान, दोन्हींची छायाप्रत घ्यावी. संबंधित ओळ अधोरेखित करावी. तपासणारा सबंध पान वाचेल या भरवशावर राहू नये. मृतांच्या आकड्यावर शक्यतो हरकत घेऊ नये, कारण 1981 च्या बिहारमधील बागमती नदीवरील अपघातासारख्या घटनांत निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळे आकडे छापलेले असतात आणि दोन्ही बाजूंना पुरावा सापडतो. याउलट रेल्वे सुरक्षा आयोग नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो, यासारख्या मुद्द्यावर निर्धास्त हरकत घ्यावी. शुल्काच्या पावतीचा स्क्रीनशॉट लगेच काढावा, हे खरे तर आधीच सांगायला हवे होते.

अंतिम उत्तरतालिकेत उत्तर ‘अरियालूर’ होईल अशी माझी अपेक्षा होती. तेथे प्रश्नच रद्द केलेला होता. म्हणजे हरकत योग्य ठरली, परंतु ज्यांनी बरोबर उत्तर लिहिले होते त्यांच्या पदरात त्याचा गुण पडला नाही.