वही भरल्यावर

लिखित नामजप सुरू केला की चार दिवसांत पहिला प्रश्न येतो, 'किती झाला?' तर तो हिशेब आधीच उरकून टाकू.

'श्रीराम जय राम जय जय राम' हा तेरा अक्षरी मंत्र लिहायला सवयीच्या हाताला सात-आठ सेकंद लागतात. एक माळ, म्हणजे १०८ वेळा, साधारण चौदा मिनिटांत होते. एकरेघी वहीत पानाला २२ ओळी आणि ओळीत दोनदा धरलं तर पानावर ४४. माळेला अडीच पानं लागतात, २०० पानी वहीत ८,८०० बसतात. रोज एक माळ केली तर लाखाला अडीच वर्षं आणि बारा वह्या. समर्थ रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते. तेवढा लिहायचा म्हटलं तर न झोपता तीस वर्षं पुरणार नाहीत. तेव्हा आकड्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. पानाच्या कोपऱ्यात पानाचा नंबर टाकावा, तेवढी मोजदाद पुष्कळ झाली.

चूक कुठे होते ते मात्र बघण्यासारखं आहे. हात पळायला लागला की 'जय जय' मधला एक 'जय' गळतो. नेहमी तिथंच, कारण तीच अक्षरं लागोपाठ येतात आणि हाताला वाटतं, लिहून झालं. तेराची अकरा होतात आणि पानभर पत्ता लागत नाही. म्हणून प्रत्येक पानाची शेवटची ओळ बोट ठेवून वाचावी. गळलेलं सापडलं तर खाडाखोड करू नये, पुढची ओळ नीट लिहावी. दुसरी खोड म्हणजे आधी सगळे 'श्री' उभे लिहून काढायचे, मग सगळे 'राम'. पान झरझर भरतं, पण तो जप नव्हे, छापखाना झाला.

एखादा दिवस चुकला तर चुकला. 'उद्या दोन माळा' म्हणणाऱ्याची आठवड्यात सात माळांची उधारी होते आणि वही कपाटात जाते. राम कर्ता, म्हणजे करवून घेणारा रामच, असं गोंदवलेकर महाराजांची परंपरा म्हणते. मग थकबाकीची वसुली आपण कशाला करायची?

अक्षर मध्यम ठेवावं. दासबोधातल्या लेखनक्रियेच्या समासात समर्थांनी बजावलंय, की तरुणपणी फार बारीक लिहिलेलं म्हातारपणी कामाला येत नाही. (चष्मा लागला की पटतं.) अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर बहुधा बॉलपेन जोरात दाबलं जातंय. शाईचं पेन हलकं चालतं, फक्त पातळ कागदावर शाई मागे उमटते, तेव्हा जाड कागदाची वही घ्यावी.

भरलेल्या वह्यांचं काय, हा खरा कठीण भाग. देवळात नेण्याआधी विचारून घ्यावं, सगळीकडे जागा नसते. नदीत तर मुळीच सोडू नयेत. प्लास्टिकचं कव्हर आणि पिना तिथं कोण काढणार? घरीच कव्हर, पिना काढून पानं फाडावीत, बादलीत दोन दिवस भिजवावीत आणि लगदा झाडाच्या मुळाशी मातीत मिसळावा. बॉलपेनची शाई तेलकट, ती पाण्याला दाद देत नाही. लगद्यातही 'राम' वाचता येतो. धुतली जाणारी निळी शाई वापरली असेल तर थोड्याच वेळात बादलीतलं पाणी निळं होतं आणि कागद कोरा.