कवरत्तीची विहीर आणि २५ तासांची ड्युटी

लक्षद्वीपला जाऊन आले म्हटलं की लोक आधी विचारतात स्कूबा केलं का, आणि नाही म्हटलं की त्यांचा माझ्यातला इंटरेस्टच संपतो. लगूनचे, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ समुद्राचे, फोटो आहेत माझ्याकडे थोडेफार, पण जास्त फोटो विहिरींचे, कठडा, पोहरा, टेप, परत कठडा. आईने ते बघून विचारलं की एवढे पैसे भरून विहिरीच बघायच्या होत्या तर सासवडला नसत्या का मिळाल्या.

नसत्या मिळाल्या, आणि सरांचा मुद्दा तोच होता. आम्ही एमएस्सी जिऑलॉजीवाले. पुण्याच्या आसपास कुठेही खोदा, बेसॉल्ट लागतो, मग तो कातळ फुटलाय का, भेगा किती, त्यावर पाणी लागणार की नाही ठरतं. सरांना पोरांना अशा जागी न्यायचं होतं जिथे पायाखाली कातळ नाहीच, नुसती प्रवाळाची वाळू आणि चुरा. लक्षद्वीपला जायला लागणाऱ्या परमिटच्या कागदांसाठी जे काही झेरॉक्स, फोटो आणि पोलीस व्हेरिफिकेशन झालं त्याबद्दल मी लिहिणार नाही, लिहिलं तर पोस्ट तिथेच संपेल. कोकण रेल्वेने कोचीपर्यंत मजेत, आणि तिथून जहाजाने रात्रभर आडवं पडून. बंक क्लास. जहाज रोमँटिक असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा खालच्या डेकवर, शेजारच्या बंकवरचा माणूस उलटी करतोय आणि वर कोणीतरी मासळीचा डबा उघडलाय, अशा अवस्थेत झोपून दाखवावं.

कवरत्ती ही लक्षद्वीपची राजधानी, पण राजधानी म्हणून काही मोठं डोक्यात आणू नका, अख्खं बेट सव्वाचार चौरस किमीसुद्धा नाही. नदी नाही, ओढा नाही, तळं म्हणावं असं काही नाही. पाऊस मात्र आपल्या पुण्याच्या दुपटीच्या आसपास, आणि तो सगळा वाळूत मुरतो. खाली समुद्राचं खारं पाणी असतंच, गोडं पाणी हलकं म्हणून त्याच्यावर राहतं, गरम वरणावर सोडलेल्या तुपासारखं. त्याला लेन्स म्हणतात. पुस्तकातलं गणित असं की गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ फूट वर असेल तर खाली ४० फूट गोडं पाणी मिळावं, पण भरती-ओहोटीने दोन्ही पाणी एकमेकांत घुसळत राहतं त्यामुळे प्रत्यक्षात लेन्स बरीच पातळ निघते. आणि या लेन्सवर घरटी एक विहीर. खोल नाहीच, चार हात दोर सोडला की पोहरा पाण्यात.

आमचं काम होतं यातल्या काही विहिरींची पातळी सलग २५ तास, दर अर्ध्या तासाला मोजायची. २४ का नाही? कारण भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, दोन भरत्या आणि दोन ओहोट्या पूर्ण हव्या असतील तर २४ तास कमी पडतात. आपल्याकडे भूजलवाले निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजतात आणि आम्ही एका रात्रीत एवढं मोजायचं! मुलांना शाळेजवळची विहीर मिळाली, मला आणि माझ्या पार्टनरला एका घराच्या अंगणातली, कारण मुली आहेत, घरात बाई आहेत, सेफ. पद्धत अगदी साधी. स्टीलच्या टेपच्या टोकाला खडू फासायचा, खाली सोडायची, वर ओढून खडू कुठपर्यंत भिजलाय ते बघायचं, वजाबाकी करायची, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवायचा, वहीत लिहायचं. पाच मिनिटांचं काम आणि पंचवीस मिनिटं डास.

तिथे त्या बाईंना सगळे उम्मा म्हणत होते म्हणून आम्हीही उम्मा. तिकडे जुन्या पद्धतीत घर बाईच्या कुळाचं असतं आणि नवरा तिच्याकडे येऊन-जाऊन राहतो, म्हणजे घर उम्माचं आणि विहीरही उम्माचीच. तिला मल्याळमच, ते पण बेटावरचं, आम्हाला शून्य. तिच्या कॉलेजातल्या मुलाला हिंदी येत होतं तेवढ्यावर भागलं.

संध्याकाळी बघते तर उम्माची मुलगी दोन हंडे घेऊन शेजारच्या घरी गेली, आली, परत गेली. मला वाटलं यांच्या विहिरीचं पाणी खराब असेल. पण आमचं रीडिंग तर चांगलं येत होतं. तिसऱ्या फेरीला मुलाला विचारलं, तो म्हणाला, "आपके सर ने बोला ना, पानी नहीं निकालना." म्हणजे सरांनी सकाळी येऊन सांगितलं होतं की मोजणी होईपर्यंत कोणी उपसू नका, आणि या लोकांनी का, कशाला, किती वेळ असं काहीही न विचारता भरल्या घरात आपली विहीर बंद करून टाकली होती. अंघोळ, भांडी, कपडे, वजू (नमाजाआधीचे हातपाय धुणं), सगळं पाणी शेजारून. आमच्या सोसायटीत टाकी धुवायला चार तास पाणी बंद असलं तर ग्रुपवर सेक्रेटरीची आई-बहीण निघते. मला एकदम कसंतरीच झालं. पार्टनर म्हणाली आपण जाऊन भरू का हंडे, गेलो तर उम्माने हातातून हंडा काढून घेतला आणि आम्हाला बाकावर बसवलं, पुढे माशाची आमटी आणि भात. पार्टनर शाकाहारी, तिच्यासाठी वेगळी नारळाची भाजी. मी जिथे जिथे फील्डला गेलेय तिथे बिस्लेरीचे पैसे मागणारे भेटलेत.

आणि पाणी खरंच हलत होतं हो! समुद्र दिसत नाही, वारा पडलेला, कोणी उपसत नाही, आणि टेपवरचा ओला खडू दर अर्ध्या तासाला थोडा थोडा वर सरकतोय. लगूनमध्ये भरती आल्यावर दोन-अडीच तासांनी आमची विहीर वर यायला लागली. वीतभरसुद्धा नाही, पण मी रात्री दीड वाजता त्या कठड्यावर ओणवी होऊन येड्यासारखी हसत होते. (कुत्रं एकही नाही. लक्षद्वीपमध्ये कुत्री नाहीतच. रात्री एवढी शांत असू शकते हे पुण्यात राहून विसरायला झालंय.) तेवढ्यात उम्मा काळा चहा आणि खोबरं-गुळाचे लाडू घेऊन आली, वाळक्या पानात बांधलेले. चहाचं पाणी समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटचं, हे मुलाने आवर्जून सांगितलं. तो प्लांट आम्ही नंतर पाहिला. २००५ साली चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञान संस्थेने उभारलाय, सुमारे ३५० मीटर खोलीवरचं थंडगार पाणी पाइपने वर आणतात, वरचं कोमट समुद्राचं पाणी व्हॅक्यूममध्ये उकळवतात आणि त्या थंड पाण्याने वाफ परत पाणी करतात. रोज १ लाख लिटर. ते प्यायला, बाकी सगळ्याला विहीर.

अंगणाच्या कोपऱ्यात झावळ्यांखाली एक मोटर पडली होती. मुलाने आणलेली. चालवली तर काही दिवसांत पाणी खारट लागायला लागलं, कारण पंप जोरात ओढतो आणि खालचं खारं पाणी वर चढतं, पोहरा बिचारा वरवरचंच घेतो. उम्माने मोटर काढायला लावली. मुलाचं म्हणणं शेजारी सगळ्यांकडे आहे. सकाळी सर राउंडला आले तर दोघांनी त्यांनाच पंच केलं. या विषयावर वर्गात दीड तास बोलणारे आमचे सर चहाचा कप हातात धरून म्हणाले, "थोडा थोडा चलाओ." दोघंही नाराज.

बाकी दिवस वाळूचे सॅम्पल, उजरा मशिदीचं कोरीव छत आणि तिथली औषधी मानली जाणारी विहीर (तिथे आम्ही टेप बाहेर काढली नाही), रील्स करणारी आमचीच पोरं, आणि परत तेच जहाज.

आता रिपोर्ट. आमचा ग्राफ बाकीच्यांपेक्षा सुंदर आलाय, दोन मस्त लाटा, फक्त एका जागी खड्डा. पहाटे उम्माचे यजमान आले, त्यांना बिचाऱ्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि आम्ही ओरडेपर्यंत त्यांनी धडाधड चार पोहरे अंगावर ओतून घेतले होते. उम्मा बाहेर आली आणि त्यांना असं झापलं की शेजारचे पण उठले. ते ओल्या लुंगीवर आमच्या वहीकडे बघत उभे. सर म्हणतात आउटलायर आहे, उडव. मी उडवलेलं नाही, रिमार्कच्या कॉलममध्ये "पहाटे ४:३०, काकांची अंघोळ" असं लिहिलंय, आणि सबमिशन सोमवारी आहे.