गहू सोडायचा, पण तपासणीनंतर

लेकराचं पोट पुढे आलेलं, हातपाय काडीसारखे, आणि लोहाचं औषध महिनोन्‌महिने देऊनही हिमोग्लोबिन जागचं हलत नाही, असं असलं की आमच्याकडे एकच निदान ठरलेलं असतं: जंत. आम्ही दारव्हा तालुक्यातले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. आमच्या मुलालाही जंतांच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झालं, आईनं दृष्ट काढून झाली.

खरी शंका घेतली ती अंगणवाडीच्या ताईंनी. वजनाच्या तक्त्यावर त्याची रेघ दीड वर्षापर्यंत बरी चढत होती, मग आडवी झाली. ताई म्हणाल्या, "सर, तुमच्या घरी खायले कमी नाही. मग हे अन्न जाते कुठं?" इतक्या डॉक्टरांकडे फिरलो, पण इतका नेमका प्रश्न कोणी केला नव्हता.

यवतमाळच्या बालरोगतज्ज्ञांनी औषध लिहायच्या आधी शौचाबद्दल विचारलं. फिकट होते का, फार वास येतो का, पाण्यावर तरंगते का? तिन्हीला हो. त्यांनी दोन रक्तचाचण्या लिहिल्या, टीटीजी आयजीए आणि टोटल आयजीए. दुसरी कशाला, असं मला वाटलं. आयजीए हा रक्तातल्या अँटिबॉडीचा एक प्रकार; काही मुलांच्या शरीरात तोच कमी असतो, मग पहिली चाचणी आजार असूनही नॉर्मल दाखवते, म्हणून दोन्ही सोबत. ज्यांना पहिलीच लिहून मिळते, त्यांनी हे जरूर विचारावं.

टीटीजी मर्यादेच्या पाचेक पट आलं. संशय सीलिएकचा, म्हणजे गहू आणि जवातलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. हा आकडा दहा पट किंवा त्याहून जास्त असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यातली आणखी एक चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर आता युरोपातले डॉक्टर आतड्याचा तुकडा न काढताही निदान करतात. आमचा आकडा तेवढा नव्हता, म्हणून नागपूर, एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी.

आणि तिथली तारीख मिळेपर्यंत पोळी बंद करायची नाही, अशी सक्त ताकीद.

या सगळ्यात हाच काळ सर्वांत वाईट गेला. गहू थांबवला की आतडं भरून यायला लागतं, रक्तातला आकडा उतरतो, आणि मग आजार आहे की नाही हे सिद्धच करता येत नाही. पुन्हा कित्येक आठवडे गहू खाऊ घालून तपासावं लागतं. डोक्याला पटलं होतं. पण पोळीनं पोरगं आजारी पडतंय हे कळल्यावर तीच दुधात कुस्करून भरवणं म्हणजे काय, ते माझ्या बायकोला विचारा. त्यात नातेवाइकांचे फोन: "आजच बंद करा ना, वाट कसली पाहता?" आई दुसऱ्या टोकाला. "गव्हाची पोळी खाऊन कोनाले काही झालं काय?"

नागपूरच्या मॅडम फक्त मुलांच्या पोटाचे आजार पाहतात. एमबीबीएस, मग बालरोगात एमडी, मग तीन वर्षं डीएम. साडेअकरा वर्षं नुसतं शिकण्यात जातात. असे डॉक्टर विदर्भात बोटांवर मोजण्याइतके का, याचं उत्तर त्यातच आलं. आईचा प्रश्न मी त्यांना तसाच सांगितला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला हे सिद्ध करायला वर्षंच्या वर्षं लागली. हेगच्या मुलांच्या दवाखान्यात त्याला 1930 च्या दशकातच गव्हाचा संशय आला होता. 1944-45 च्या हिवाळ्यात युद्धामुळे हॉलंडात उपासमार झाली, पाव मिळेना, तेव्हा ही आजारी मुलं उलट सुधारली, असं सांगतात. पण त्यानं एवढ्यावर भागवलं नाही. मुलांना ठरवून कधी गहू दिला, कधी काढला, शौचातून किती चरबी जाते ते मोजलं, आणि 1950 मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. "म्हणजे गहू देऊनच पाहावं लागलं," बायको एवढंच बोलली. मला वाटतं, त्या दिवसापासून तिला जरा बरी झोप लागली.

एंडोस्कोपीचं विशेष सांगण्यासारखं नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी, भूल, आणि आपल्याला वाटते त्याच्या मानानं फार लवकर संपतं. पोट जिथं संपतं त्याच्या पुढच्या भागातून चार-पाच बारीक तुकडे घेतात, कारण बिघाड सगळीकडे सारखा नसतो. रिपोर्टवर 'मार्श 3' होतं, म्हणजे आतड्याचं अस्तर सपाट झालेलं. मॅडमनी केसपेपरच्या मागं चित्र काढलं: चांगल्या आतड्याचं अस्तर नव्या टॉवेलसारखं, उभ्या धाग्यांचं, याचं घासून सपाट झालेलं. लोह शोषलं जातं ते मुख्यतः याच भागात, म्हणून बाटल्यांवर बाटल्या वाया गेल्या.

त्याच संध्याकाळी गहू बंद.

आता वाटेल, विदर्भात काय अडचण, ज्वारीची भाकर आहेच! ज्वारीत ग्लूटेन नाही, हे खरं. पण ज्वारी आहे कुठं? आमच्या शिवारात सगळं सोयाबीन आणि कपाशी. कोणी ज्वारी पेरलीच तर पाखरं आणि रानडुकरं ठेवत नाहीत. विकत आणली, तर पुढे चक्की. गावातल्या एकुलत्या एका चक्कीत दिवसभर रेशनचा गहू दळला जातो. पाळ्यांत, पेटीत, खालच्या कापडी नळीत कणीक बसलेली असते, आणि तेवढीसुद्धा त्याला चालत नाही. चक्कीवाल्या भाऊंनी उपाय सुचवला: पाळ्या टाकवल्या, म्हणजे दळायचे दगड टाकीनं ठोकून घेतले, की त्या दिवशी पहिलं दळण आमचं. पण पाळ्या काही रोज टाकवत नाहीत. शेवटी माळ्यावरचं जातं खाली काढलं आणि आईनं दळायचं आपण होऊन अंगावर घेतलं. तिच्या मते आजार अजूनही नजरेचाच आहे. पीठ मात्र ती कोणाला हात लावू देत नाही.

शाळेतली खिचडी तांदळाची, तिची चिंता नाही. चिंता बिस्किटांची. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर जातात आणि प्रत्येक घरी हातावर बिस्किटाचा पुडा पडतो. यंदा बायकोनं आधीच चार घरी राजगिऱ्याचे लाडू नेऊन ठेवले. पाचव्या घरी पुडा मिळालाच. त्यानं तो बहिणीला देऊन बदल्यात पाच रुपये वसूल केले.

वजनाची रेघ पुन्हा चढायला लागली आहे. टीटीजी उतरतंय, पण नॉर्मलला यायला वर्षभर किंवा जास्तही लागू शकतं. सख्ख्या भावंडांत साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो, म्हणून मुलीचंही रक्त तपासलं. निगेटिव्ह आहे. पुढे केव्हाही होऊ शकतो म्हणून तिची चाचणी काही वर्षांनी परत करायची आहे, आणि तोवर तिला पोळी चालू ठेवायची.