तुम्ही विचारलंत म्हणून: अपग्रेडच्या आधी बॅकअप घेतला, मग नंतर परत कशाला?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला तेव्हापासून विंडोज ११ वर जाणारे डीटीपीवाले, टॅलीवर बसणारे अकाउंटंट, सगळे मला हेच विचारतात.

आधीचा बॅकअप म्हणजे अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम्स, सेटिंग्ज सगळ्यासकट हुबेहूब प्रत, नुसती डॉक्युमेंट्सची कॉपी नव्हे. अपग्रेडमध्ये फाइल्स सहसा जात नाहीत हो, अडतं ते बाकीचं, म्हणजे श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा डोंगल (लायसन्ससाठी लावायची यूएसबी), जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर, डिझाइनच्या कोरलड्रॉचं एखादं व्हर्जन ज्याची सीडी आता कुणाकडेच सापडत नाही, हे सगळं जसंच्या तसं फक्त इमेजमधूनच परत येतं. इमेज घेतली की रिकव्हरीच्या पेनड्राइव्हवरून मशीन एकदा चालू करून बघा, एक्स्टर्नल डिस्क दिसते का ते, आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क-कुलूप, चालू असेल तर त्याची ४८ आकडी रिकव्हरी की (किल्ली) कागदावर लिहून ठेवा, त्याच मशीनमध्ये सेव्ह करून काय उपयोग!

आता नंतरचं. विंडोज मागे जायची सोय देतं पण ती १० दिवसांची, आणि त्याआधीच कुणी डिस्क क्लीनअप करून विंडोज डॉट ओल्ड, म्हणजे जुनं विंडोज ठेवलेलं फोल्डर, उडवलं तर तीही गेली. ऑफिसचं काम तर महिन्याच्या चक्रावर चालतं, ११ तारखेला जीएसटीचं विक्रीचं रिटर्न जीएसटीआर-१, २० ला कर भरायचं ३बी, मग पगार, त्यामुळे खरी अडचण कळते ती तिसऱ्या आठवड्यात. तेव्हा जुनी इमेज टाकली की मशीन अपग्रेडच्या आदल्या दिवशी जाऊन उभं राहतं आणि मधल्या सगळ्या एन्ट्र्या, बिलं, डिझाइन्स गायब. म्हणून अपग्रेडनंतर रोज डेटाचा बॅकअप, आणि सगळं सुरळीत दिसलं की नवी इमेज, पण वेगळ्या डिस्कवर. जुन्या डिस्कवर तारीख लिहा आणि ती काढूनच ठेवा, कारण ऑटोमॅटिक बॅकअपवाली सॉफ्टवेअर्स जागा संपली की जुनंच आधी पुसतात.

वनड्राइव्ह आहे ना, असं म्हणू नका. ते सिंक आहे, इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट.

आणि त्याच महिन्यात टॅलीचं मोठं रिलीज टाकू नका, प्लीज. नव्या रिलीजमध्ये मायग्रेट झालेला डेटा जुन्यात उघडत नाही, मग रोजचा बॅकअप हातात असूनही जुन्या इमेजवर तो चालायचा नाही.