डोंगरापासून लांब जा

बेसवरचा आमचा रेडिओ सेट 25 वॅटचा, दरीत उतरलेल्या सर्वेक्षण तुकडीकडे 5 वॅटचे वॉकीटॉकी, आणि मध्ये डोंगराची उंच धार. दुपारनंतर तिकडून शब्द येईनात. मात्र आम्ही हाक मारली की स्पीकरमधली खरखर क्षणभर दबायची. म्हणजे आमचं त्यांना ऐकू जात होतं. त्यांची लहरही इथवर येत होती, पण इतकी क्षीण की बोलणं उमटत नव्हतं.

मी स्क्वेल्च (लहर क्षीण असली की स्पीकर गप्प ठेवणारी सोय) पूर्ण उघडाच ठेवला आणि सांगितलं, "बोलू नका. बटण एकदा दाबलंत तर हो, दोनदा तर नाही." सगळे एकत्र आहात? हो. कुणाला लागलंय? हो. चालता येतंय? नाही. धारेच्या पायथ्याशीच आहात? हो. पण नेमकं ठिकाण असं हो-नाही करत काढायचं तर रात्रच झाली असती.

आमची वारंवारता 150 मेगाहर्ट्झ, म्हणजे लहर 2 मीटर लांबीची. अशी लहर धारेवरून थोडी खाली वळते; गोलसर टेकाडापेक्षा धारदार कड्यावरून अधिक चांगली. दृष्टिरेषा धारेला नुसती चाटून गेली, तरी सुमारे 6 डेसिबल जातात, म्हणजे शक्ती चौथाईवर येते. पायथ्याशी तर लहरीला जवळजवळ काटकोनात वळावं लागतं. लांब गेलं की वळण सौम्य होतं. कुणीतरी 450 मेगाहर्ट्झचे सेट लावू म्हणालं. मी नको म्हटलं. वारंवारता तिप्पट केली की डोंगराची सावली आणखी गडद होते.

"एकानेच ओढा ओलांडा, समोरच्या उतारावर चढा. डोंगरापासून लांब जा."

दोनदा खरखर दबली. नाही! त्यांचंही बरोबरच होतं. आवाज पोहोचत नाही म्हणून आणखी दूर कोण जाईल? मी पुन्हा सांगितलं, जरा दरडावूनच. बऱ्याच वेळाने एकदाच दबली.

मग तुटक शब्द येऊ लागले. समोरच्या कड्यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींना मारत असणार. "अर्धा मीटर बाजूला सरका," म्हटलं. सरकला, आणि आवाज लख्ख आला. घोटा मोडलाय, शुद्धीवर आहे, स्ट्रेचर पाठवा. नकाशावरचे आकडे त्याने वाचले, मी परत वाचून दाखवले.

"पण लांब गेल्यावर चांगलं कसं ऐकू येतं?"

"वर आलात की सांगतो. आता बॅटरी वाचवा."